सत्तेचाळिसाव्या क्रमांकावर दक्षिणेतील चार विद्यापीठे

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत ‘दक्षिणेचे हार्वर्ड’ हे बिरुद निदान पाच विद्यापीठांना लावले जाते: ड्यूक, व्हँडरबिल्ट, एमरी, राइस आणि ट्युलेन. सरकारी विद्यापीठांतील चढाओढ तर याहून जुनी आहे. जॉर्जिया विद्यापीठाला १७८५ मध्ये सनद मिळाली, म्हणून ते स्वतःला देशातील पहिले सरकारी विद्यापीठ म्हणवते. चॅपेल हिल गावच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची सनद १७८९ ची. पण तेथे १७९५ मध्ये विद्यार्थी प्रत्यक्ष शिकू लागले होते आणि जॉर्जियात पहिला वर्ग भरायला १८०१ साल उजाडले, म्हणून चॅपेल हिलची मंडळी पहिलेपणाचा मान आपल्याकडे ओढतात. हा वाद दोनशे वर्षे चालू आहे आणि दोन्ही बाजूंच्या स्वागतकक्षांत तो पाहुण्यांना तितक्याच गांभीर्याने ऐकवला जातो. मुलीच्या प्रवेशाच्या निमित्ताने मला या भांडणात वर्षभर डोके घालावे लागले, आणि ‘नावाजलेले विद्यापीठ’ म्हणजे नेमके कोणी नावाजलेले, हा प्रश्न मी त्या वर्षात पहिल्यांदाच नीट विचारला.

आम्ही अटलांटाच्या उत्तरेला जॉन्स क्रीकमध्ये राहतो आणि मुलीचे बारावीचे वर्ष २०२३-२४ चे होते. या भागात मराठी, तेलुगू, गुजराती, कोरियन, चिनी अशी मिळून इतकी कुटुंबे आहेत की प्रवेशाचा विषय येथे ऋतूसारखा येतो. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला सामाईक प्रवेशअर्ज खुला होतो आणि तेव्हापासून कोणाच्याही घरी गेले तरी पोह्यांबरोबर तीच चर्चा असते. आमच्या मंडळींत एक अलिखित उतरंड आहे. सर्वांत वर जॉर्जिया टेक, तिच्याखाली अथेन्सचे जॉर्जिया विद्यापीठ, मग शेजारच्या राज्यांतील क्लेम्सन, ऑबर्न वगैरे. आणि ड्यूक, व्हँडरबिल्ट, एमरी ही खासगी नावे वेगळ्या कप्प्यात, कारण त्यांची फी ऐकली की संभाषण आपोआप थांबते.

मी स्वतः कोल्हापूरची. आमच्या वेळी बारावीनंतर गुण, गुणवत्ता यादी आणि कटऑफ एवढाच मामला होता. कोणत्या महाविद्यालयात कोणती शाखा कितीला बंद झाली, हे पेपरात पाहिले की समाजाचे मत आणि महाविद्यालयाची प्रत एकाच आकड्यात कळत असे. आता भारतातही राष्ट्रीय क्रमवारी आली आहे, आणि २०१६ पासून निघणाऱ्या त्या यादीत लोकमानसातील प्रतिमेलाही गुण असतात. अमेरिकेत असा एकच एक कटऑफ नाही. निबंध, शिफारसपत्रे, निवडलेले विषय, शाळेबाहेरचे उद्योग असे सगळे पाहिले जाते, आणि म्हणूनच माझ्यासारखे पालक यू. एस. न्यूजच्या यादीला, म्हणजे विद्यापीठांना दरवर्षी क्रमांक देणाऱ्या तेथील प्रसिद्ध यादीला, अधिकच चिकटतात. धरायला तेवढा एकच दांडा दिसतो.

मुलीला अन्नशास्त्र शिकायचे होते. शाळेच्या प्रकल्पासाठी तिने घरच्या विरजणाचे दही आणि दुकानातल्या दह्याच्या विरजणाने लावलेले दही यांच्या वाट्या ओट्यावर मांडून दर दोन तासांनी त्यांची आम्लता मोजली होती. घरचे दही झपाट्याने आंबते आणि तरीही चव सुटत नाही, याचे कारण शोधता शोधता ती जिवाणूंच्या जातींपर्यंत पोचली. आम्ही तो छंद समजत होतो, आणि ती मात्र तोच विषय पदवीला घ्यायचा म्हणत होती. यादी हाताशी घेतली तर यू. एस. न्यूज पदवीपातळीवर अभियांत्रिकी, व्यवस्थापन, संगणकशास्त्र, परिचर्या अशा मोजक्याच विषयांची वेगळी क्रमवारी लावते. त्यांत अन्नशास्त्र नाही. त्यांच्या जागतिक यादीत हा विषय आहे, पण ती मुख्यतः शोधनिबंध आणि त्यांचे संदर्भ मोजते, अठरा वर्षांच्या मुलीला प्रयोगशाळेत कोण शिकवणार हे तिच्यातून कळत नाही.

येथे दक्षिणेतील विद्यापीठांची जुनी फाळणी समजून घ्यावी लागली, आणि खरे तर त्या वर्षात सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच. १८६२ च्या मॉरिल कायद्याने केंद्र सरकारने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या विक्रीतून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभी करण्यास सांगितले. पुष्कळ दक्षिणी राज्यांत त्यामुळे दोन घराणी तयार झाली. एकीकडे वकील, डॉक्टर आणि राज्यकर्ते घडवणारे जुने विद्यापीठ, दुसरीकडे शेतकऱ्यांच्या मुलांचे नवे. नॉर्थ कॅरोलायनात चॅपेल हिल आणि रॅलेचे नॉर्थ कॅरोलायना स्टेट, साउथ कॅरोलायनात कोलंबियाचे विद्यापीठ आणि क्लेम्सन, अलाबामात टस्कलूसा आणि ऑबर्न, व्हर्जिनियात शार्लट्सव्हिल आणि व्हर्जिनिया टेक, टेक्ससमध्ये ऑस्टिन आणि ए अँड एम. फुटबॉलच्या मैदानावर जे एकमेकांना ‘गुराख्यांची शाळा’ म्हणून चिडवतात, त्या चिडवण्याचे मूळ या फाळणीत आहे. जॉर्जिया याला अपवाद आहे. येथे जुन्या विद्यापीठालाच १८७२ मध्ये शेतीचेही काम सोपवले गेले, आणि १८८५ मध्ये स्थापन झालेल्या टेककडे यंत्रविद्या गेली. म्हणून अन्नशास्त्र, पशुवैद्यक, कुक्कुटपालन हे सगळे अथेन्सला. टेकमध्ये त्याचा विभागच नाही. ड्यूक आणि चॅपेल हिलचेही तेच. यादीत ज्यांची नावे वर होती, त्यांतली निम्मी माझ्या मुलीच्या दृष्टीने बादच होती.

१८९० च्या दुसऱ्या मॉरिल कायद्याने कृष्णवर्णीयांसाठी वेगळी विद्यापीठे या योजनेत आणली, कारण दक्षिणेतील राज्ये त्यांना मूळ संस्थांत प्रवेश देत नव्हती. जॉर्जियात ते फोर्ट व्हॅली स्टेट. सप्टेंबर २०२३ मध्येच केंद्राच्या शिक्षण आणि कृषी खात्यांच्या मंत्र्यांनी सोळा राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहून कळवले की या संस्थांना तीस वर्षांत मिळून बारा अब्ज डॉलरहून अधिक निधी कमी दिला गेला. क्रमवारीत ही विद्यापीठे खाली का दिसतात, याचे निम्मे उत्तर त्या पत्रांत आहे. आमच्या उतरंडीत तर त्यांचे नावही कोणी घेत नव्हते.

त्याच महिन्याच्या १८ तारखेला, गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, यू. एस. न्यूजची नवी यादी आली आणि मंडळाच्या गणपतीत आरतीपेक्षा तिचीच चर्चा अधिक झाली. त्या वर्षी त्यांनी मोजमापाची पद्धत बदलली होती. वर्गांचा आकार, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या असे काही निकष काढून टाकले आणि कमी उत्पन्नाच्या घरांतून आलेले विद्यार्थी पदवी पूर्ण करतात का, याला अधिक वजन दिले. परिणामी व्हँडरबिल्ट १३ वरून १८ वर घसरले आणि तेथील कुलप्रमुखांनी या पद्धतीवर जाहीर टीका केली. ट्युलेन ४४ वरून थेट ७३ वर गेले. जॉर्जिया टेक ४४ वरून ३३ वर चढले. आणि ४७ या एकाच क्रमांकावर दक्षिणेतील चार विद्यापीठे येऊन बसली: जॉर्जिया विद्यापीठ ४९ वरून, व्हर्जिनिया टेक ६२ वरून, टेक्सस ए अँड एम ६७ वरून आणि लहान वर्गांसाठी प्रसिद्ध असलेले वेक फॉरेस्ट २९ वरून खाली. त्या चारही ठिकाणी प्राध्यापक तेच होते, इमारती त्याच होत्या आणि खानावळीही त्याच होत्या. वीस क्रमांक चढायला किंवा अठरा क्रमांक पडायला कोणाला काहीच करावे लागले नव्हते. अर्ज भरायला महिनाही उरला नसताना हे घडले आणि काही पालकांनी खरोखरच मुलांच्या याद्या बदलल्या.

मी यादीची पद्धत वाचायला बसले ती तेव्हा. तिच्यातील पाचवा हिस्सा, म्हणजे २० टक्के वजन, प्रतिष्ठेच्या सर्वेक्षणाला आहे. विद्यापीठांचे अध्यक्ष, शैक्षणिक प्रमुख आणि प्रवेशप्रमुख यांच्याकडे दरवर्षी एक फॉर्म जातो आणि ते इतर विद्यापीठांना एक ते पाच गुण देतात. प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांची प्रत ठरवायची, असा हा प्रकार आहे, आणि त्याचे जे व्हायचे ते झालेले आहे. जून २००९ मध्ये अटलांटातच भरलेल्या एका परिषदेत क्लेम्सनच्या संस्थात्मक माहिती विभागाच्या माजी प्रमुख कॅथरीन वॉट यांनी उघडपणे सांगितले की क्लेम्सनचे अधिकारी त्या फॉर्मवर इतर विद्यापीठांना सरसकट कमी गुण देत असत. वीस ते पंचवीस विद्यार्थ्यांचे वर्ग वीसच्या आत आणायचे, कारण वीसच्या आतला वर्ग यादीत लहान म्हणून मोजला जात होता. आणि आधीच मोठे असलेले वर्ग आणखी फुगले तरी चालतील, असाही हिशेब त्यांनी मांडला. हे सर्व सरकारी विद्यापीठांत पहिल्या विसात जाण्याच्या ध्येयासाठी होते. विद्यापीठाने अप्रामाणिकपणाचा आरोप नाकारला. त्याच वर्षी फ्लोरिडा विद्यापीठाच्या अध्यक्षांचा भरलेला फॉर्म वृत्तपत्राच्या हाती लागला. त्यात त्यांनी आपल्या विद्यापीठाला हार्वर्डच्या पंक्तीला बसवले होते आणि राज्यातील इतर सरकारी विद्यापीठांना बरेच खाली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे! खासगीही मागे नव्हती: २०१२ मध्ये एमरीने मान्य केले की दशकाहून अधिक काळ ते प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांऐवजी प्रवेश देऊ केलेल्या विद्यार्थ्यांचे परीक्षागुण कळवत होते, जे साहजिकच अधिक असतात.

हे सगळे वाचूनही मी यादी फेकून दिली नाही, हे मुद्दाम सांगते. पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण हा तिच्यातील आकडा खरा आणि महत्त्वाचा आहे, आणि तो सुटा काढून पाहता येतो. मी तसाच पाहिला. बाकीचे आम्ही आमच्या पद्धतीने शोधले. अन्नतंत्रज्ञांची जी व्यावसायिक संस्था आहे, इन्स्टिट्यूट ऑफ फूड टेक्नॉलॉजिस्ट्स, ती पदवी अभ्यासक्रमांना मान्यता देते. तिच्या यादीत पहिला-दुसरा नसतो, मान्यता आहे किंवा नाही एवढेच असते. तेथून आम्ही अथेन्स, क्लेम्सन आणि रॅले ही नावे घेतली. टेकचा अर्ज रासायनिक अभियांत्रिकीसाठी भरला, कारण यजमानांचा आग्रह होता आणि तो अगदीच अनाठायी नव्हता.

क्लेम्सनला गेलो तेव्हा त्या जुन्या प्रकरणामुळे माझे मन थोडे कलुषित होते. विभागात गेल्यावर ते पार बदलले. क्लेम्सनचे निळे चीज प्रसिद्ध आहे. १९४१ मध्ये जवळच्या डोंगरातील अर्धवट सोडलेल्या स्टम्पहाउस नावाच्या रेल्वे बोगद्यात ते पहिल्यांदा मुरवले गेले, कारण आतली हवा थंड आणि दमट असते. आता ते आवारातच मुरते. एका विद्यार्थिनीने आम्हाला चकतीला लांब सुयांनी पाडलेली भोके दाखवली. बुरशीला हवा मिळाली नाही तर निळ्या शिरा धरत नाहीत, हे सांगताना तिने चकती आडवी कापून शिरा कोठे थांबल्या आहेत तेही दाखवले, आणि थांबल्या तेथे सुई नीट घुसली नव्हती हेही प्रांजळपणे सांगितले. माझी मुलगी तिला अर्धा तास प्रश्न विचारत होती. क्लेम्सन त्या वर्षी यादीत ७७ वरून ८६ वर घसरले होते, आणि त्या घसरणीचा या चिजाशी काही संबंध जोडता येईना.

अडचण होती पैशाची. क्लेम्सनला परराज्यातील विद्यार्थ्यांची फी राज्यातल्यांच्या दुपटीहून जास्त आहे आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेटला तर तिपटीहून जास्त. शिवाय नॉर्थ कॅरोलायनाच्या सरकारी विद्यापीठांत बाहेरच्या विद्यार्थ्यांवर १९८६ पासून मर्यादा आहे आणि रॅले व चॅपेल हिल येथे ती १८ टक्क्यांची होती. राज्याच्या करदात्यांची मुले आधी, हे तत्त्व मला पटते. फक्त तेव्हा ते आमच्या विरुद्ध जात होते.

जॉर्जियात मात्र तेच तत्त्व आमच्या बाजूने होते. गव्हर्नर झेल मिलर यांनी १९९३ मध्ये राज्याची लॉटरी सुरू केली आणि तिच्या पैशातून होप शिष्यवृत्ती. पुढे २०११ मध्ये तिचीच वरची पायरी, त्यांच्याच नावाने, आली: शाळेतील मुख्य विषयांत चारपैकी ३.७ सरासरी आणि सॅट या प्रवेशपरीक्षेत एका बैठकीत १२०० गुण असतील तर सरकारी विद्यापीठातील शिकवणीची संपूर्ण फी राज्य भरते. हे सासऱ्यांना फोनवर सांगितले तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. “अगं, लॉटरीच्या पैशातून शिक्षण? आपल्याकडे लॉटरीत घरे बुडतात!” ते अगदीच चुकीचे बोलत नव्हते. येथेही तिकिटे मोठ्या प्रमाणात गरीब वस्त्यांत विकली जातात आणि शिष्यवृत्तीचा मोठा वाटा आमच्यासारख्या सुखवस्तू उपनगरांकडे येतो, ही टीका जुनी आहे आणि तिला माझ्याकडे उत्तर नाही. पण जॉर्जिया विद्यापीठाच्या प्रतिष्ठेचे मूळही येथेच आहे. पूर्वी जी हुशार मुले परराज्यांत निघून जात, ती तीस वर्षांत घरीच राहू लागली, प्रवेशाची पातळी वर गेली आणि नावही वर गेले. राजकारण विद्यापीठाला चढवते तसे पाडतेही: याच राज्यात १९४१ मध्ये गव्हर्नर यूजीन टॅलमेज यांनी वंशभेदाच्या राजकारणापायी अथेन्सचे एक अधिष्ठाता, वॉल्टर कॉकिंग, यांना काढायला लावले आणि दक्षिणेच्या मूल्यांकन संस्थेने जॉर्जियाच्या गौरवर्णीय सरकारी महाविद्यालयांची मान्यताच काढून घेतली होती. पुढच्या वर्षी टॅलमेज निवडणूक हरले.

डिसेंबरपर्यंत अथेन्स आणि टेक दोन्हींकडून होकार आले आणि घरातला खरा वाद तेव्हा सुरू झाला. टेकचे नाव देशभर चालते. औद्योगिक अभियांत्रिकीत ते वर्षानुवर्षे पहिले आहे, देशातील निवडक संशोधन विद्यापीठांच्या संघटनेत २०१० पासून आहे आणि जॉर्जिया विद्यापीठ त्या संघटनेत नाही. यजमानांचे म्हणणे असे की रासायनिक अभियंत्याला अन्नाच्या कारखान्यात कोणीही घेईल, पण अन्नशास्त्राच्या पदवीधराला तेलशुद्धीकरणात कोणी घेणार नाही. म्हणून दार रुंद असलेले घर निवडावे. हा युक्तिवाद मला आजही खोडता येत नाही. मुलीने तो खोडलाही नाही. तिने दोन्ही ठिकाणचे चार वर्षांचे विषय कागदावर शेजारी शेजारी लिहिले आणि ज्यांच्यासाठी ती सकाळी आठला उठेल त्यांच्यावर खूण केली. टेकच्या बाजूला तीन खुणा होत्या.

तिचे मन पूर्ण वळले ते ग्रिफिनला. जॉर्जिया विद्यापीठाचा हा आवार अथेन्सपासून दूर, अटलांटाच्या दक्षिणेला आहे आणि तेथे अन्नसुरक्षेचे संशोधन केंद्र आणि नवी अन्न-उत्पादने तयार करून पाहण्याचे केंद्र आहे. अमेरिकेत सर्वांत जास्त भुईमूग जॉर्जियात होतो, आणि २००८-०९ मध्ये याच राज्यातील ब्लेकली गावच्या कारखान्यातल्या शेंगदाण्यांतून सॅल्मोनेला देशभर पसरून माणसे दगावली होती. शेंगदाणा कोरडा असल्याने त्यात जिवाणू वाढत नाहीत हे खरे, पण ते मरतही नाहीत, आणि तेलकटपणामुळे उष्णतेपासून वाचतात. म्हणून भाजण्याचे तापमान आणि वेळ प्रत्येक यंत्रासाठी वेगळी तपासावी लागते. दाण्याचे कूट डब्यात भरून महिनोन्‌महिने वापरणाऱ्या घरातली मी. हे ऐकून मी तरी सावरून बसले. क्रमवारीत या केंद्राचा उल्लेख शोधून सापडणार नाही.

एक मेच्या आत अथेन्सची अनामत भरली. मंडळात काहींनी अभिनंदन करताना “टेकही मिळाले होते ना?” असे विचारलेच, आणि अजूनही विचारतात. सासऱ्यांनी क्रमांक विचारला. मी ४७ म्हटले. त्यांनी किती जणांत, असे विचारले, आणि चारशेहून अधिक विद्यापीठांत म्हटल्यावर ते म्हणाले, “मग पहिल्या बाकावरच आहे की, उगाच काय घोळ घालता?”

शिष्यवृत्तीत वसतिगृह, जेवण आणि इतर शुल्के बसत नाहीत, ती आम्ही भरतो. शिष्यवृत्ती टिकवण्यासाठी मुलीला विद्यापीठात ३.३ सरासरी राखावी लागते. तीस, साठ आणि नव्वद श्रेयांकांच्या टप्प्यांवर ती तपासली जाते आणि खाली गेली तर ही वरच्या पायरीची शिष्यवृत्ती हातची जाते. पहिला टप्पा पार पडला. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या सत्रात ती शनिवार-रविवारी घरी येईनाशी झाली, आणि सध्या आमच्या घरात बोलणे होते ते या एकाच आकड्याचे.